घुमट आपले, पण दार कुणाचं?

कोल्हापूरच्या नव्या राजवाड्याचा फोटो टाकून ‘बघा, हे घुमट आपले आहेत’ असं लिहिणारे तरुण मला अधूनमधून भेटतात. त्याच फोटोखाली दुसरं कुणी येऊन सांगतं की यात तुमचं काही नाही. मग दोन दिवस भांडण. दोन्ही बाजूंची मुलं त्या राजवाड्यासमोरच्या रस्त्यावरून रोज जात-येत असतात, पण आपल्या शहरातल्या बाकीच्या इमारतींकडे मात्र कुणी बघत नाही. माझी तक्रार तिथून सुरू होते.

आधी घुमटांचं बघू. नव्या राजवाड्याचा आराखडा मेजर चार्ल्स मँट या ब्रिटिश लष्करी अभियंत्याचा. काम १८७७ ते १८८४ चाललं आणि ते पुरं व्हायच्या आधीच, १८८१ मध्ये, मँट वारला. गुजरात-राजस्थानातल्या जैन, हिंदू आणि मुस्लिम वास्तूंमधून त्याने कमानी, छत्र्या, घुमट उचलले, त्यात विलायती घड्याळाचा मनोरा बसवला आणि सगळं काळ्या दगडात उभं केलं. या शैलीला ‘इंडो-सारसेनिक’ म्हणतात. ‘सारसेन’ हा जुन्या युरोपीय लोकांनी अरबांसाठी आणि मुसलमानांसाठी वापरलेला शब्द. म्हणजे नाव युरोपचं, आराखडा इंग्रजाचा, मालक छत्रपती आणि दगड इथला. यावर कुणी एकट्याने हक्क सांगावा असं त्यात काही नाही आणि कुणाला त्यातून हाकलून द्यावं असंही नाही. राजवाडा सुंदर आहे. पण तो राजाच्या राहण्यासाठी बांधला होता, तुमच्या-माझ्यासाठी नव्हे. आपल्यासाठी बांधलेल्या इमारती दुसऱ्या आहेत.

त्याच मँटने कोल्हापुरात टाऊन हॉल बांधला, सीपीआर रुग्णालयाची जुनी इमारत बांधली आणि भवानी मंडपाजवळची आज राजाराम हायस्कूल असलेली इमारतही बांधली. सभागृह, दवाखाना, शाळा. टाऊन हॉलमध्ये आता वस्तुसंग्रहालय आहे. ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेली पोसायडनची छोटी रोमन कांस्यमूर्ती तिथलीच. बाहेर बाग आहे आणि समोर सीपीआर. खेड्यापाड्यातून पेशंट घेऊन आलेली माणसं त्या झाडांखाली डबा सोडून बसलेली दिसतात. तिकीट नाही, कुणी ‘इथं काय काम’ म्हणून विचारत नाही. उंच छत, जाड भिंती, खोल व्हरांडे. एप्रिलच्या दुपारीही आत बरं वाटतं. त्या काळी या इमारतींत कुणाला किती मान मिळायचा हा वेगळा आणि कडू विषय आहे, मी त्यांना सोन्याचा मुलामा द्यायला बसलेलो नाही. पण उन्हापावसात उभं राहायला छप्पर आणि टेकायला कट्टा पाहिजे, एवढं त्या बांधणाऱ्यांना कळत होतं.

याच्या पुढची पायरी राजर्षी शाहू महाराजांच्या काळातली. १९०१ पासून त्यांनी वेगवेगळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहं उभी करायला मदत केली. १९०६ मध्ये मोहामेडन एज्युकेशन सोसायटी निघाली आणि मुस्लिम बोर्डिंग सुरू झालं. हा इतिहास आपल्याकडे भाषणात बरेचदा येतो. मला त्यातली एक साधी गोष्ट महत्त्वाची वाटते, ती म्हणजे जागा. बोर्डिंग मोहल्ल्याच्या कोपऱ्यात नाही. ते दसरा चौकात आहे, जिथं शहराचा शाही दसरा होतो, आणि आजूबाजूला इतर समाजांची बोर्डिंगं आहेत. खेड्यातून शिकायला आलेला मुसलमान मुलगा दारातून बाहेर पडला की थेट शहराच्या मधोमध. इमारत कशी दिसावी याच्याइतकंच ती कुठं असावी हेही आराखड्यात येतं. आज कुणी आपल्यासाठी काही बांधायला निघालं की जागा बहुधा वस्तीच्या टोकाला, नाल्याकडेला सुचवली जाते. आणि आपणही ‘चला, मिळाली तरी’ म्हणून सही करून मोकळे होतो.

शाहू महाराजांचंच खासबाग मैदान घ्या. कल्पना त्यांना रोमचं कलोसियम बघून सुचली, असं सांगतात. मधे हौदा, भोवती चढत गेलेली बैठक. शेवटच्या माणसालाही पैलवान दिसतो. त्यासाठी नक्षीची गरज पडली नाही, डोळ्याच्या रेषेचा हिशेब केला एवढंच. त्याला लागूनच केशवराव भोसले नाट्यगृह. ते ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळालं तेव्हा शहर रडलं, आणि रडणाऱ्यांत सगळे होते. लोक घुमटासाठी किंवा कळसासाठी रडत नव्हते. आपण तिथं कधीतरी खुर्चीवर बसलो होतो, म्हणून रडत होते.

आता आजचं बांधकाम. स्टेशन रोडला, राजारामपुरीत, ताराराणी चौकाच्या बाजूला व्यापारी संकुलं उभी आहेत आणि उभी राहताहेत. दर्शनी बाजूला काच आणि चमकते पत्रे. पश्चिमेला काच लावली की दुपारनंतर आतला दुकानदार एसीशिवाय बसू शकत नाही. बिल्डर गाळा विकून गेलेला असतो, बिल मात्र मोबाइल दुरुस्त करणाऱ्या पोराच्या नावावर येतं. काचेवर खोल छज्जा काढला असता तर ऊनही अडलं असतं आणि पावसाळ्यात रस्त्यावरच्या माणसालाही आडोसा मिळाला असता. पण छज्जा विकता येत नाही.

आणि कोल्हापुरात पाणी येतं. २००५, २०१९, २०२१. पंचगंगा आणि जयंती नाला फुगले की शाहूपुरी, लक्ष्मीपुरीत पाणी कसं शिरतं हे तिथल्या दुकानदारांना विचारा. जुन्या पेठेतली घरं, दुकानं उंच जोत्यावर असायची. तीन-चार पायऱ्या चढल्याशिवाय सोप्यात पाय पडायचा नाही. आज आपण उलट जमिनीखाली तळघर खणतो. नकाशात ते पार्किंग असतं. प्रत्यक्षात तिथं कापडाचं गोदाम असतं, झेरॉक्सचं दुकान असतं, कुठं क्लास चालतो. पूर आला की नुकसान कुणाचं? भाड्याच्या गाळ्यात बसलेल्याचं. त्यात आपल्या समाजाचे छोटे धंदेवाले कमी नाहीत.

बरं, मग जोतं उंच केलं की झालं? नाही. माझ्या अम्मीचे गुडघे गेलेत. तिला एका संकुलात दुसऱ्या मजल्यावरच्या डॉक्टरांकडे नेलं तेव्हा लिफ्टपर्यंत जायला सहा पायऱ्या होत्या. लिफ्ट होती, चालूही होती, पण सहा पायऱ्या चढून वर. वॉचमन म्हणाला, “चाचींना उचलून घ्या की.” तो भला माणूस, त्याने हात दिला. पण आराखडा काढणाऱ्याने तो हात हिशेबात धरला होता की काय? बायकांची मुतारी विचारली तर तिसऱ्या मजल्यावर, आणि कुलूपबंद. किल्ली कुणाकडे, ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

जोतंही उंच हवं आणि उतारही हवा. दोन्ही जमतं. उतार एकास बारा, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी. जागा लागते, म्हणून तो टाळला जातो, किंवा मोटारसायकल चढवायला असतो तसा खडा उतार करून ‘रॅम्प’ म्हणून दाखवला जातो. दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा २०१६ चा आहे. त्यात असलेल्या सार्वजनिक इमारती सगळ्यांना वापरता येतील अशा करायला नियम लागू झाल्यापासून पाच वर्षं दिली होती. ती मुदत २०२२ मध्ये संपली. आपल्या गावातलं तहसील, पोस्ट, वाचनालय एकदा या नजरेनं बघून या.

आणि ही नजर दुसऱ्यांकडेच लावायची नाही. गेल्या काही वर्षांत आपल्या वस्त्यांमध्ये शादीखाने झाले. वर्गणीतून, निधीतून, घाम गाळून. मी जे बघितले त्यांतल्या बहुतेकांचा दर्शनी भाग झकास आहे: कमान, हिरवा रंग, वर छोटा घुमट. आत गेलं की पुरुषांचा हॉल तळमजल्यावर, हवेशीर. बायकांना वरचा मजला, अरुंद जिना, एकच दरवाजा. पाचशे बायका, कडेवर पोरं, आणि उतरायला एक जिना. आग लागली तर काय, हा प्रश्न मी एका बैठकीत विचारला तेव्हा ‘अल्लाह खैर करे’ असं उत्तर मिळालं. खैर तर करेलच, पण दुसरा जिना कमिटीला करायचा आहे. लग्नाचे दिवस वर्षात किती? उरलेले दिवस तो हॉल कुलपात. त्याच हॉलच्या बाजूला एक लांब खोली, उत्तरेचा उजेड, चाळीस मुलं-मुली बसतील अशी अभ्यासिका सुरुवातीलाच नकाशात धरली असती तर खर्च फार वाढला नसता. नंतर जोडायची म्हणजे भिंत फोडावी लागते, आणि भिंत फोडायला कुठली कमिटी तयार होत नाही.

आपल्यातले कितीतरी तरुण याच धंद्यात आहेत. गवंडी, सेंट्रिंगवाले, फॅब्रिकेशनवाले, फरशी बसवणारे, पीओपीवाले. शहर आपल्या हातांनी बांधलं जातं, पण आराखड्याच्या टेबलाशी आपण क्वचित असतो. बारावीला गणित घेतलेल्या मुलामुलींनी नाटा परीक्षेचं नाव ऐकलेलं असतं का, ते घरी विचारा. वास्तुविशारद व्हायला पाच वर्षं लागतात, फी जड आहे, हे मला माहीत आहे. पण तेवढ्यावरच थांबायचं कारण नाही. विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला की हरकती आणि सूचना मागवल्या जातात. त्या देण्यासाठी पदवी लागत नाही, साध्या मराठीत अर्ज चालतो. कुठल्या जागेवर आरक्षण काय आहे, वाचनालय आहे की वाहनतळ, हे नगररचना विभागात बघायला मिळतं. मोहल्ल्यातल्या चार मुलींनी जाऊन एवढं जरी विचारलं तरी तिथला कारकून दुसऱ्या वेळी खुर्ची देतो.

सुरुवात मोजण्यापासून करा. एक टेप घ्या. आपल्या भागातली एक सरकारी इमारत, एक व्यापारी संकुल आणि एक आपला शादीखाना निवडा. रस्त्यापासून दारापर्यंत पायऱ्या किती, उतार आहे का आणि किती लांबीचा, बायकांची मुतारी कुठल्या मजल्यावर आणि उघडी असते का, वरून उतरायला जिने किती, काम नसताना बसायला बाक आहे का. एवढं लिहून पाठवा, फोटो नसला तरी चालेल. आलेली मोजमापं आम्ही दोन्ही भाषांत छापू, शादीखान्याची सगळ्यात आधी.