टाचण पूर्ण, वर्ग अपूर्ण

प्राथमिक शाळेत शिकविण्यासाठी डी.एड. हवे की बी.एड.ही चालेल, या प्रदीर्घ वादावर सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२३ रोजी पडदा टाकला. बी.एड.धारकांना नेमणुकीनंतर दोन वर्षांत सहा महिन्यांचे प्रशिक्षण घेण्याच्या अटीवर पहिली ते पाचवीच्या वर्गांसाठी पात्र ठरविणारी राष्ट्रीय शिक्षक शिक्षण परिषदेची २८ जून २०१८ ची अधिसूचना राजस्थान उच्च न्यायालयाने रद्द केली होती. तो निर्णय सर्वोच्च न्यायालयाने कायम ठेवला. लहान मुलांना शिकविणे हे वेगळे कौशल्य असून बी.एड.च्या अभ्यासक्रमात त्याची तयारी होत नाही, हे या निकालाचे सार. नोकरीच्या प्रतीक्षेत असलेल्या डी.एड.धारकांना त्यामुळे दिलासा मिळाला. मात्र याच निकालाने डी.एल.एड. या नावाने चालणाऱ्या दोन वर्षांच्या पदविकेवर एक मोठी जबाबदारीही टाकली आहे. लहान मुलांना शिकविण्याचे हे वेगळे कौशल्य ही पदविका प्रत्यक्षात देते काय, हा तो प्रश्न. त्याचे उत्तर अध्यापक विद्यालयाच्या इमारतीत सापडणार नाही. छात्राध्यापक ज्या शाळेत अनुभवासाठी जातो, त्या शाळेच्या वर्गात ते शोधावे लागेल.

सराव पाठांकडून आंतरवासितेकडे

जुन्या डी.एड. अभ्यासक्रमात सराव पाठांना मोठे महत्त्व होते. प्रस्तावना, हेतुकथन, विषय विवेचन, संकलन, उपयोजन आणि गृहपाठ अशा ठरलेल्या पायऱ्यांनी पाठाचे टाचण लिहायचे, तक्ते आणि गुंडाळी फळा काखोटीला मारून शाळेत जायचे, तास घ्यायचा आणि मागच्या बाकावरील निरीक्षकाचा शेरा घेऊन परतायचे, असा हा क्रम होता. त्याला जोड होती ती छात्रसेवाकालाची. काही दिवस पूर्णवेळ शाळेत राहून हजेरीपटापासून परिपाठापर्यंतची सर्व कामे या काळात करावी लागत. या पद्धतीतून चांगले शिक्षक घडलेच नाहीत, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. तथापि पाठ संपला की छात्राध्यापकाचा त्या मुलांशी असलेला संबंधही संपत असे.

दरम्यान, राज्यात खासगी अध्यापक विद्यालयांचे अमाप पीक आले. महाराष्ट्रातील २९१ डी.एड. संस्थांच्या मान्यतेचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला आणि त्यातूनच न्या. जे. एस. वर्मा आयोग नेमला गेला. आयोगाने २०१२ मध्ये अहवाल दिला. त्यानंतर आलेल्या २०१४ च्या विनियमांनी शाळेतील अनुभवाचा कालावधी किमान २० आठवड्यांचा केला. ‘छात्रसेवाकाल’ जाऊन ‘आंतरवासिता’ हा शब्द रूढ झाला. डॉक्टर होऊ पाहणारा विद्यार्थी जसा रुग्णालयात राहून शिकतो, तसा भावी शिक्षक शाळेत राहून शिकेल, ही त्यामागील कल्पना योग्यच आहे. अडचण आहे ती अंमलबजावणीत.

‘पंच्याहत्तर’चे सत्तावन्न का होतात?

वर्गात नेमके काय शिकायचे असते, हे एका साध्या उदाहरणावरून स्पष्ट होईल. दुसरीतील मुलाला ‘पंच्याहत्तर’ लिहायला सांगितले की तो कित्येकदा ५७ लिहितो. मराठीत ही संख्या उच्चारताना पाच आधी येतो आणि सत्तर नंतर. कानाने ऐकलेला क्रम मूल हाताने उतरविते. म्हणजेच चुकीमागे एक विचार असतो. २०१९ मध्ये ‘बालभारती’च्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘वीस दोन’ असे संख्यावाचन आले, तेव्हा विधिमंडळापासून समाजमाध्यमांपर्यंत गदारोळ झाला. परंतु त्या बदलामागील अडचण ज्याने पहिली-दुसरीचा वर्ग सांभाळला आहे, त्याला समजावून सांगावी लागत नाही. ५२ मधून २७ वजा करताना ३५ हे उत्तर काढणारे मूलही असेच आपल्या तर्काने चालत असते. दोनातून सात जात नाहीत, म्हणून ते सातातून दोन वजा करून मोकळे होते.

अशा उत्तरावर लाल फुली मारून पुढे जायचे, की मुलाजवळ बसून त्याने असे का केले ते विचारायचे, यातच प्राथमिक शिक्षकाचे कौशल्य आहे. ते पुस्तक वाचून येत नाही आणि एका तासाच्या नमुना पाठातूनही येत नाही. तेच मूल सलग काही आठवडे डोळ्यांसमोर असावे लागते. वीस आठवड्यांच्या कालावधीचे खरे प्रयोजन हेच आहे.

प्रत्यक्षात मूल्यमापन होते ते प्रामुख्याने कागदांचे. पाठ टाचणे, निरीक्षण वह्या, शैक्षणिक साहित्य, उपक्रमांचे अहवाल आणि त्यांवरील स्वाक्षऱ्या यांची पूर्तता झाली की गुण पडतात. छात्राध्यापकाने किती पाठ घेतले याची नोंद असते. त्याच्या वर्गातील किती मुले या काळात वाचू लागली, याचा रकाना सहसा नसतो. परिणामी वर्गाकडे पाहण्याऐवजी वही पूर्ण करण्याकडे त्याचे लक्ष लागते. वर्षानुवर्षे फिरणाऱ्या टाचणांची नक्कल ही या व्यवस्थेची स्वाभाविक निष्पत्ती आहे.

शिकाऊ की बदली शिक्षक?

दुसरी अडचण शाळांच्या स्थितीतून उद्भवते. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीसाठी ३० मुलांमागे एक शिक्षक असावा लागतो. मात्र राज्यातील शिक्षकभरती २०१२ पासून दीर्घकाळ रखडली. ‘पवित्र’ संकेतस्थळामार्फत भरती सुरू झाल्यानंतरही तिची गती संथ राहिली. त्यातच निवडणूक आणि जनगणनेच्या कामांतून कायद्यानेच शिक्षकांची सुटका केलेली नाही. अशा वेळी शाळेत आलेला छात्राध्यापक मुख्याध्यापकांना आयती मदत वाटल्यास नवल नाही. मग त्याच्याकडे एखादा रिकामा वर्ग सोपविला जातो. दोनशिक्षकी शाळेत तर एकाच वेळी दोन-तीन इयत्ता त्याच्या वाट्याला येतात.

यात मुख्याध्यापकांचा दोष काढणे सोपे आहे. पण त्यांच्यापुढे वर्ग रिकामा ठेवण्याखेरीज दुसरा पर्याय नसतो. नुकसान मात्र दुहेरी होते. मुलांना अप्रशिक्षित शिक्षक मिळतो आणि छात्राध्यापकाला मार्गदर्शक मिळत नाही. ज्या अनुभवी शिक्षकाच्या हाताखाली त्याने शिकायचे, त्या शिक्षकाचा स्वतःचा वर्गभार कमी होत नाही. मार्गदर्शनासाठी त्याच्या वेळापत्रकात तास राखलेला नसतो. अध्यापक विद्यालयातील प्राध्यापकाची भेट तर कित्येकदा उपस्थितिपत्रकावरील सहीपुरती उरते.

सोयीच्या शाळा, गैरसोयीची मुले

तिसरा मुद्दा शाळांच्या निवडीचा आहे. आंतरवासितेसाठी विद्यालयाच्या जवळची, बसमार्गावरची शाळा निवडली जाणे स्वाभाविक आहे. मात्र नोकरी लागते ती बहुधा दूरच्या वाडी-वस्तीवर. मेळघाटातील कोरकू बोलणारे, गडचिरोलीतील गोंडी बोलणारे किंवा नंदुरबारच्या डोंगरातील भिली, पावरी बोलणारे मूल पहिलीत येते, तेव्हा पाठ्यपुस्तकातील मराठी त्याच्यासाठी जवळपास परकी असते. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगारांची मुले दिवाळीच्या सुमारास आई-वडिलांसोबत फडावर जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. अशा मुलाचा तुटलेला धागा कसा जोडायचा, हे शहरालगतच्या शाळेत वीस आठवडे काढूनही उमगणार नाही.

या साऱ्याचा संबंध मुलांच्या वाचनाशी आहे. ‘असर’ या सर्वेक्षणाच्या २०२४ च्या अहवालानुसार देशाच्या ग्रामीण भागातील सरकारी शाळांत तिसरीच्या केवळ २३.४ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. याचे सारे खापर शिक्षक प्रशिक्षणावर फोडता येणार नाही. परंतु मागे पडलेल्या मुलाला कसे गाठायचे, हे न शिकताच शिक्षक वर्गात उभा राहत असेल, तर ही आकडेवारी बदलण्याची अपेक्षा तरी कशाच्या बळावर करायची?

पदवी बदलेल, वर्गाचे काय?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार २०३० पर्यंत चार वर्षांची एकात्मिक बी.एड. ही शिक्षकाची किमान पात्रता व्हावयाची आहे. अभ्यासक्रमाचे नाव बदलेल, वर्षेही वाढतील. मात्र वर्गातील अनुभवाची घडी अशीच राहिली, तर दोन वर्षांतील त्रुटी चार वर्षांत पसरतील, एवढाच फरक पडेल.

यावरील उपाय फार खर्चिक नाहीत. प्रत्येक छात्राध्यापकाकडे चार-पाच मुले सोपवून त्यांच्या प्रगतीची आठवडावार नोंद हाच गुणदानाचा प्रमुख आधार ठरविता येईल. मार्गदर्शक शिक्षकाला आठवड्यातील काही तास मोकळे देऊन त्या कामाची दखल त्याच्या सेवापुस्तकात घेता येईल. छात्राध्यापकाला एकट्याने वर्ग देण्यास मनाई करता येईल आणि आंतरवासितेतील काही आठवडे बहुवर्ग शाळेत काढणे सक्तीचे करता येईल. सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटच्या शाळांनी ज्ञानरचनावादी पद्धतीने केलेले काम पाहण्यासाठी राज्यभरातून शिक्षक जात असत. प्रत्यक्ष वर्ग पाहून शिक्षक शिकतो, याचा तो पुरावा होता. जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थांनी आपापल्या जिल्ह्यांतील अशा शाळा हेरून त्या छात्राध्यापकांसाठी खुल्या करण्यास कोणाची हरकत असण्याचे कारण नाही.

सर्वोच्च न्यायालयाने लहान मुलांच्या शिक्षकाचे वेगळेपण मान्य केले. ते वेगळेपण प्रमाणपत्राच्या नावात राहणार की वर्गात दिसणार, हे ठरविण्याचे काम आता शिक्षण विभागाचे आहे. मागच्या बाकावर बसलेले, ‘पंच्याहत्तर’चे ५७ करणारे मूल त्या निर्णयासाठी फार वर्षे थांबू शकत नाही. दुसरीचे वर्ष त्याच्या आयुष्यात एकदाच येते.