हरिश्चंद्राची कथा आणि ‘वास्तवा’चे नाटक

आम्ही शाळेत शिकवीत होतो तेव्हा एक प्रश्न दरवर्षी हटकून येत असे. स्वप्नात दिलेले दान जागेपणी पाळण्यासाठी हरिश्चंद्राने राज्य सोडले, पत्नी व पुत्र विकले, स्वतः स्मशानात चाकरी केली, ही कथा सांगून झाली की मागच्या बाकावरून एखादा हात वर होई. “सर, हे खरेच घडले होते का?” वर्ग हसे, प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. घडले की नाही हे कोणी सांगू शकणार नाही, पण दिलेला शब्द पाळणे किती महाग पडते ते कथेने खरे सांगितले आहे, असे उत्तर आम्ही देत असू. आज त्या वयाची मुले, आणि त्यांचे आईबापही, दूरचित्रवाणीवर ‘रिअ‍ॅलिटी शो’ पाहतात. तेथे हा प्रश्न विचारणे अगत्याचे असताना तेथेच तो कोणी विचारीत नाही, हे आजचे दुर्दैव होय.

महात्मा गांधींनी लहानपणी हरिश्चंद्राचे नाटक पाहिले आणि त्याने त्यांच्या मनाचा कायमचा ठाव घेतला. हरिश्चंद्र ही ऐतिहासिक व्यक्ती नसावी असे बुद्धी सांगते, तरी आपल्यापुरता तो जिवंतच आहे, असा अभिप्राय त्यांनी आत्मचरित्रात नोंदविला आहे. ज्यांनी आपल्या आयुष्यालाच सत्याचे प्रयोग म्हटले, त्यांना या दोन गोष्टींत विसंगती वाटली नाही. कारण उघड आहे. पुराणकथेचे सत्य घटनेच्या दाखल्यावर अवलंबून नसते. ती अर्थ सांगते, आणि तो अर्थ खरा की खोटा हे ज्याने त्याने स्वतःच्या जीवनाच्या कसोटीवर घासून पाहावयाचे असते.

हीच कथा दादासाहेब फाळक्यांनी पडद्यावर आणली. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन चित्रगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला, तेव्हा राणी तारामतीच्या वेषात अण्णा साळुंके नावाचे पुरुष नट होते. म्हणून कोणाची फसवणूक झाली काय? मुळीच नाही. हे सोंग आहे हे दाखविणारा जाणत होता आणि पाहणाराही जाणत होता. एवढेच नव्हे, तर चित्रपट कसा तयार होतो हे दाखविणारा एक लघुपटही फाळक्यांनी १९१७ साली काढला. ज्याने जादू केली त्यानेच तिची किल्ली प्रेक्षकांच्या हाती दिली. कल्पिताचा हा प्रामाणिकपणा विसरण्याजोगा नाही.

आता दुसरी बाजू पाहू. अमेरिकेत १९५६ साली ‘ट्वेंटी-वन’ ही प्रश्नोत्तरांची स्पर्धा दूरचित्रवाणीवर सुरू झाली. कोलंबिया विद्यापीठातील इंग्रजीचे तरुण अध्यापक चार्ल्स व्हॅन डोरेन तीत एकामागून एक फेऱ्या जिंकत गेले. विद्येला असा मान मिळालेला पाहून घराघरांतील पालक हरखले. पुढे २ नोव्हेंबर १९५९ रोजी अमेरिकी काँग्रेसच्या एका उपसमितीपुढे याच व्हॅन डोरेन यांनी कबुली दिली, की प्रश्न व उत्तरे त्यांना आधीच पुरविली जात होती. इतकेच काय, कोठे अडखळावयाचे हेही पढविले जात होते. १९६० साली अशी लबाडी कायद्याने गुन्हा ठरली. लक्षात घ्या, हाच प्रसंग नाटक म्हणून रंगभूमीवर आला असता तर कोणी ब्रही काढला नसता. गुन्हा अभिनयाचा नव्हता. अभिनयावर सत्याचा शिक्का मारण्याचा होता.

तो शिक्का आजही बाजारात उत्तम चालतो. १९९९ साली नेदरलँड्समध्ये ‘बिग ब्रदर’ अवतरला. त्याच घराण्यातील ‘बिग बॉस’ आपल्याकडे २००६ पासून हिंदीत आणि २०१८ पासून मराठीत आला. अशा कार्यक्रमांत रात्रंदिवस केलेले चित्रण तास-दीड तासात बसवावयाचे असते. निवड आलीच, आणि निवडीबरोबर निवडणाऱ्याचा हेतूही आला. एकाच्या संतापापुढे दुसऱ्याचे भलत्याच वेळचे हसू जोडले, की विनासायास एक खलनायक तयार होतो. नाटकातल्या खलनायकाला लोक प्रयोगानंतर विंगेत जाऊन शाबासकी देत. या खलनायकाला मात्र शिव्या त्याच्या खऱ्या नावाने मिळतात आणि त्या त्याच्यामागून घरापर्यंत जातात.

ही नुसती कल्पना नव्हे. जपानमधील ‘टेरेस हाऊस’ या कार्यक्रमात हाना किमुरा ही २२ वर्षांची कुस्तीपटू सहभागी होती. सहनिवाशाशी झालेल्या तिच्या एका भांडणाचे दृश्य दाखविले गेले आणि समाजमाध्यमांवर तिच्यावर शिव्याशापांचा भडिमार झाला. मे २०२० मध्ये त्या मुलीने आपले जीवन संपविले. कार्यक्रम बंद पडला, आणि २०२२ साली जपानने अवमानाच्या गुन्ह्याची शिक्षा वाढविली. जे पाहिले त्यात घडलेले किती आणि घडविलेले किती, हे तिला शिव्या देणाऱ्यांपैकी कोणास ठाऊक होते? ठाऊक नव्हते, तरी निकाल मात्र सर्वांनी दिला.

यावर एक ठराविक उत्तर मिळते: हे केवळ मनोरंजन आहे, आणि प्रेक्षक काही दूधखुळा नाही. तसे असेल तर ‘वास्तव’ ही पाटी लावण्याचा अट्टाहास कशासाठी? पाटी काढली तर माल खपणार नाही ही धास्तीच त्या उत्तरातील पोकळपणा उघडा पाडते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. पुराणकथांनीही लोकांना फसविले नाही काय? फसविले आहे, पण जेव्हा जेव्हा कोणी पुराणकथेला इतिहासाचे वस्त्र चढवून ती स्वार्थासाठी बाजारात मांडली, तेव्हाच. तो अपराधही याच जातीचा आहे आणि त्यालाही आमची माफी नाही.

आमचे मागणे बंदीचे नाही. बंदीने कोणताही समाज शहाणा झालेला नाही. मागणे एवढेच, की प्रसंग आखून दिलेला असेल तर तसे पडद्यावर ठळकपणे, वाचता येईल इतका वेळ, सांगावे. संवाद पढविलेले असतील तर ते लपवू नये. आणि ज्या हाडामांसाच्या माणसाची प्रतिमा आपण घडविली, तिच्या परिणामांची जबाबदारी झटकू नये. यंत्राच्या साहाय्याने कोणाच्याही तोंडी कोणतेही वाक्य घालता येण्याच्या या काळात हा दंडक आजच घातला नाही, तर याहून मोठी हानी ठरलेली आहे. खोट्याला खरे मानणारा प्रेक्षक एक दिवस खऱ्यालाही खोटे मानू लागतो. मग न्यायालयातील साक्ष, रणभूमीवरील छायाचित्र, पीडिताचा आक्रोश, सारे काही त्याला रचलेलेच वाटू लागते.

मागच्या बाकावरचा तो हात आम्हांस म्हणूनच आज मोलाचा वाटतो. हरिश्चंद्राला तो प्रश्न विचारून त्या मुलाने काही गमावले नाही, आणि हरिश्चंद्राचेही काही बिघडले नाही. तोच हात आता घरोघरी, दूरचित्रवाणीच्या पडद्यासमोर वर झाला पाहिजे. खऱ्याला त्या प्रश्नाचे भय नाही.