रिमला फवारा की पावडर?

आमचा धंदा कापडाचा. पण बाजारोबाजारी माल न्यायचा तर टेम्पो ठेवावा लागतो, म्हणून परभणीच्या पेंटर बंधूंशी आमचा नेहमीचा संबंध. जिंतूर, मानवतकडची काळी माती पावसाळ्यात रिमच्या आतल्या कडेला थापून बसते, ओल धरते आणि जिथे रंगाचा टवका उडाला असेल तिथून गंज सुरू होतो. तेव्हा रिम रंगवणे ही नुसत्या शोभेची बाब नव्हे. हल्ली गाडीमालक विचारतात, फवाऱ्याचा रंग द्यावा की पावडर कोटिंग करावे? आणि पेंटर मंडळी धास्तावतात की ही पावडर आपली रोजी नेणार.

आमच्या मते ही धास्ती अर्धीच खरी आहे.

पावडर कोटिंगमध्ये थिनर नसते. कोरडी भुकटी विजेच्या भाराने धातूला चिकटवतात आणि भट्टीत १८० ते २०० अंशांवर दहा-वीस मिनिटे तापवतात. ती वितळून एकजीव कवच होते. खडीचा मार ते चांगला सोसते. मात्र आधी टायर उतरवून जुना रंग आणि गंज पार काढावा लागतो. कापडवाल्याला हे लगेच समजते : कोऱ्या कापडातली खळ नीट धुतली नाही, तर रंग कितीही भारी असो, सारखा चढत नाही. शिवाय पुढे टवका उडालाच, तर तेवढीच जागा पावडरने दुरुस्त होत नाही. फवाऱ्याने होते.

म्हणून टेम्पो, ट्रॉलीच्या लोखंडी रिमला आम्ही फवाराच पसंत करू. गंज खरवडून, प्रायमर देऊन. मोटारीच्या अलॉय रिमला पावडर शोभते, पण भट्टीचा ताप मोजणारा माणूस हवा. अलॉय जादा तापले की त्याची ताकद घटते.

दोन्हीत जिवाशी गाठ असलेल्या गोष्टी आहेत. रिमला तडा आहे का, हे रंगाआधी पाहावे. जाड थराखाली तो दिसत नाही. नट बसतो ती जागा आणि हबला टेकणारी बाजू झाकून घ्यावी. तिथला जाड थर दबला की नट ढिले पडतात. चाक चढवल्यावर गाडी थोडी चालवून नट पुन्हा आवळावेत.

आणि पेंटर बंधूंनो, तोंडाला रुमाल बांधून पीयू रंग मारणे सोडा. त्याच्या हार्डनरमधील आयसोसायनेटने दमा जडतो आणि एकदा जडला की हा पेशाच सोडावा लागतो. रुमाल ती वाफ अडवत नाही. बाहेरची स्वच्छ हवा नळीने देणारा मास्क महाग वाटेल, पण उस्तादाने तो आधी शागीर्दाला द्यावा.

ज्यांना भट्टी घालायची असेल त्यांनी चार-पाच जणांत मिळून घालावी. एकट्या रिमवर ती चालणार नाही. कूलरचे सांगाडे, खिडक्यांच्या जाळ्या, फाटके हेही काम धरावे लागेल. बाहेरच्या कामाला पॉलिएस्टर पावडरच वापरावी, आपल्या उन्हात नुसती इपॉक्सी खडूसारखी भुरभुरते. दर सांगताना जुना रंग काढण्याची मजुरी वेगळी सांगावी. ती पोटात घातली की कारीगर घाईने घासतो, आणि वर्षभरात गिऱ्हाईक तीच रिम घेऊन दारात उभे राहते.