अठरा छटांचा डबा

अठरा छटा म्हणजे अठरा रंग नव्हेत. एवढं एक वाक्य लक्षात ठेवलंत तर पुढचं वाचलं नाही तरी चालेल. पण वाचा! आयशॅडो पॅलेट नावाच्या वस्तूवरून घरातल्या आणि नेटवरच्या मुलींशी माझं जे भांडण गेले काही महिने चालू आहे, ते आज एकदाचं सविस्तर मांडते.

आधी माझ्या वयाच्या मंडळींना उत्तर देऊन टाकते. "या वयात तुला डोळे रंगवायचेत की काय?" असं दोघी-तिघींनी विचारून झालं आहे. अहो, साडी घेताना आपण ती उलटी करून बघतो, रंग जाईल का म्हणून चारदा विचारतो. तांदूळ घेताना दाणा दाताखाली धरून बघतो. मग मुलगी स्वतःच्या पगारातून दीड-दोन हजारांची वस्तू घेते, तीही डोळ्यांवर लावायची, तेव्हा तिला "नखरे" म्हणून उडवून लावण्यात कसलं शहाणपण? एकदा हेटाळणी केली की वस्तू तपासायची कटकट वाचते, एवढंच. काजळ आपणही घातलंच की!

आता मुख्य भांडण. या पॅलेटची जी परीक्षणं म्हणून दाखवली जातात, ती परीक्षणं नव्हेतच. डबा उघडायचा, बोट फिरवायचं, हाताच्या आतल्या बाजूवर ओळीने पट्टे ओढायचे, की झाला निकाल : "काय पिगमेंट आहे!" मी जन्मभर पेपर तपासले. विद्यार्थ्याने वहीच्या पहिल्या पानावर नाव सुंदर काढलं म्हणून कुणी त्याला पहिला नंबर देतं का?

हाताची आतली बाजू आणि पापणी यांचा संबंध काय? हाताची ती बाजू आपल्या अंगावरच्या उजळ भागांपैकी एक. आपल्याकडे कितीतरी जणींच्या पापण्या चेहऱ्यापेक्षाही सावळ्या असतात. हातावर घडी पडत नाही. पापणी मिनिटाला साधारण पंधरा वेळा मिटते असं धरलं तरी आठ तासांत ७२०० वेळा होते. पापणीची कातडी शरीरातली सगळ्यात पातळ, जेमतेम अर्धा मिलिमीटर. तिच्यावर तेल सुटतं, घाम येतो. शिवाय बोटाने घासून लावलेला रंग ब्रशने लावलेल्यापेक्षा गडदच दिसणार. म्हणजे परीक्षेची जागा चुकीची, साधन चुकीचं आणि वेळ तर दिलेलाच नाही.

यात आहे तरी काय, तेही समजून घेऊ. दाबून बसवलेल्या आयशॅडोत बहुतेक वेळा शंखजिऱ्याची पूड, अभ्रक, रंगद्रव्य आणि हे सगळं धरून ठेवणारं थोडं तेल किंवा मेणचट द्रव्य असतं. तपकिरी, तांबूस, पिवळसर रंग लोहाच्या ऑक्साइडचे, म्हणजे आपल्या गेरूचेच भाऊबंद. चमक येते ती बहुधा टायटॅनियम डायऑक्साइडचा थर दिलेल्या अभ्रकाची. (काही लालसर छटांत कार्माइन असतं. ते किड्यांपासून काढतात. डब्यावर ते सीआय ७५४७० असं लिहिलेलं असतं. घरातल्या कट्टर शाकाहारी मंडळींनी नोंद घ्यावी!)

सगळी मेख त्या धरून ठेवणाऱ्या द्रव्यात आहे. ते कमी पडलं तर पूड भुसभुशीत होते, ब्रश लावताच उडते आणि गालावर सांडते. जास्त झालं तर वडी कडक होते आणि रंग सुटतच नाही. आता गंमत बघा. भुसभुशीत पूड हातावर मात्र झकास उठते! म्हणजे हातावरच्या पट्ट्याची परीक्षा नेमक्या कच्च्या मालाला पास करू शकते. २०१७ साली अनास्तासिया बेव्हर्ली हिल्स या अमेरिकन कंपनीचं सबकल्चर नावाचं १४ छटांचं पॅलेट आलं, तेव्हा हाच वाद झाला होता. रंग भरपूर, पण ब्रश लावला की वडीच खचते, अशी तक्रार कितीतरी गिऱ्हाइकांनी केली. पहिल्या दिवशीचा गडदपणा म्हणजे दर्जा नव्हे, हे तेव्हाच सगळ्यांनी शिकायला हवं होतं.

आता गणित. मी बीए मराठीची, तरी एवढं येतं. समजा १८ छटांचा डबा १८०० रुपयांना. मुलगी म्हणते, "शंभर रुपयांना एक रंग, स्वस्तच की!" डबा उलटा करून वजन वाचा. समजा १४.४ ग्रॅम आहे. म्हणजे एका छटेच्या वाट्याला ०.८ ग्रॅम आणि भाव ग्रॅमला १२५ रुपये. पण तू वापरणार त्यातल्या पाच छटा. पाच छटांचे झाले ४ ग्रॅम. बाकीचा माल तसाच पडून राहणार, म्हणजे तुला खरा भाव पडला ग्रॅमला ४५० रुपये! उरलेल्या तेरा छटा म्हणजे लग्नात आहेर आलेल्या स्टीलच्या वाट्या, मोजायला बऱ्या.

नुसतं बोलून उपयोग नाही, म्हणून नातीला सोबत घेऊन परीक्षा घेतली. तिचाच नवा डबा, १८ छटांचा. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण भांडण एका कंपनीशी नाही. जुलै महिना, डोंबिवली लोकल, सकाळी आठला लावायचं, दुपारी बाराला बघायचं, संध्याकाळी घरी आल्यावर पुन्हा बघायचं. एका डोळ्याला खाली प्रायमर, दुसऱ्याला नाही. दर दिवशी नवी छटा, शेरा वहीत.

निकाल असा. सात तपकिरी छटा डब्यात वेगवेगळ्या दिसत होत्या. पापणीवर लावून खिडकीच्या उजेडात पाहिल्यावर त्यातल्या चार आम्हा दोघींनाही ओळखता येईनात. फिकट तीन छटा तिच्या सावळ्या पापणीवर राखेसारख्या दिसल्या. गडद निळी बिनचमकीची छटा लावतानाच ठिगळं ठिगळं झाली आणि बारा वाजेपर्यंत करडी पडली. चमकीच्या छटा टिकल्या बऱ्या, पण संध्याकाळी पापणीच्या घडीत रेघ होऊन बसल्या होत्या. प्रायमरवाल्या डोळ्याचं निम्म्याहून अधिक वेळा ठीक होतं. म्हणजे त्यात मार्क प्रायमरला द्यायचे की पॅलेटला? संध्याकाळी दोन्ही डोळ्यांवर धड राहिलेल्या छटा चार. अठरापैकी चार! शाळेत हा मुलगा नापास.

त्या राखेसारख्या छटांबद्दल थोडं जास्त बोलायचं आहे, कारण मला खरा राग त्याचाच आहे. फिकट छटा करताना पांढरं द्रव्य आणि शंखजिरं सढळ हाताने घातलं जातं. गोऱ्या कातडीवर ते खपून जातं, सावळ्या कातडीवर पिठासारखं वर बसतं. दोष मालाचा. पण मुलगी आरशात बघते आणि म्हणते, "मला हे रंग शोभत नाहीत." माझी नातही हेच म्हणाली. अगं, तुला शोभत नाहीत की त्यांनी तुझ्यासाठी केलेच नाहीत? सावळ्या मुलींच्या देशात माल विकायचा, आणि तो उठला नाही की दोष मुलीच्या रंगाचा! हे मी तरी ऐकून घेणार नाही.

दुसऱ्या बाजूचंही म्हणणं आहे, आणि त्यात थोडं तथ्यही आहे. नवरीचा मेकअप करणारीला, नाटकातल्या रंगभूषाकाराला खूप छटा लागतात. मान्य. "उघडून नुसतं बघायलाही छान वाटतं, आजी," हेही मान्य. मीही रंगीत खडूंची नवी पेटी उघडून बघत असे. पण मग तिला हौस म्हणा, दर्जा म्हणू नका. अर्बन डिके कंपनीचं नेकेड हे पॅलेट २०१० मध्ये आलं. त्यात १२ छटा होत्या आणि बहुतेक रोजच्या वापरातल्या तपकिरी-सोनेरी. ते २०१८ पर्यंत चाललं. कमी छटांनी धंदा बुडत नाही.

खरेदीआधी लेबल वाचा. आपल्याकडे २०२० चे सौंदर्यप्रसाधन नियम लागू आहेत. डब्यावर उत्पादकाचं नाव-पत्ता, बॅच क्रमांक, वापरायची मुदत, घटक हे सगळं हवं. उघड्या बरणीचं चित्र आणि आत १२एम असं असेल तर उघडल्यापासून बारा महिने. रस्त्यावरच्या नकली डब्यावर यातलं काय खरं, काय खोटं कोण सांगणार? आणि धोका फक्त रस्त्यावर असतो असंही नाही. २०१९ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने क्लेअर्स या दुकानसाखळीच्या आयशॅडोत ॲस्बेस्टॉस सापडल्याचं जाहीर केलं होतं. शंखजिरं आणि ॲस्बेस्टॉस जमिनीत शेजारी सापडू शकतात, म्हणून माल तपासून घ्यावा लागतो. आणि अभ्रक? झारखंडमधल्या कोडरमा-गिरिडीह भागात ते वेचायला लहान मुलं जातात, हे वारंवार उजेडात आलं आहे. ज्या वयात माझ्यासमोर मुलं बाराखडी गिरवायची, त्या वयाची मुलं. न वापरलेल्या तेरा छटांतही तेच अभ्रक असतं.

राहता राहिले परीक्षक. फुकट डबा घेऊन परीक्षण करणाऱ्याने तसं स्पष्ट सांगावं, असे जाहिरात मानक परिषदेचे नियम २०२१ पासून आहेत, आणि २०२३ मध्ये केंद्र सरकारनेही मार्गदर्शक सूचना काढल्या. सांगितलं तरी माझा प्रश्न उरतोच : ज्याच्या घरी पाहुणचार घेतला, त्याच्या मुलाचा पेपर तपासायला मी बसले असते तर तुम्ही चालवून घेतलं असतं?

तेव्हा मुलींनो, लिहायचं तर असं लिहा. छटा पापणीवर लावा, दिवसभर वागवा, प्रायमरशिवायही वागवा. ग्रॅमचा भाव लिहा. तुमच्या कातडीचा रंग सांगा आणि हवा कुठली, मुंबईची की नागपूरची, तेही सांगा. किती छटा खऱ्या वेगळ्या निघाल्या ते मोजून सांगा. डबा विकत घेतला की फुकट आला, ते पहिल्या ओळीत. असं एक परीक्षण हातावरच्या शंभर पट्ट्यांपेक्षा जास्त कामाचं. कुणी लिहिलंत तर मला जरूर कळवा, मी चष्मा पुसून वाचेन.