अमरांची अपत्ये

अद्‌भुतकथेतील वंशांच्या प्रजननाविषयी तर्क करणे हा रिकामपणाचा उद्योग होय, असे सामान्यतः समजले जाते. जे. आर. आर. टोल्किन यांनी चितारलेल्या एल्फ या अमर वंशापुरते तरी हे मत टिकत नाही. कारण हा विचार खुद्द लेखकानेच केला आहे. एल्फ व मानव यांच्या विवाहातून प्रजननक्षम संतती होते, त्या अर्थी जीवशास्त्रदृष्ट्या ते एकच वंश ठरतात, हे त्यांनी १९५४ सालच्या एका पत्राच्या मसुद्यात मान्य केले. १९९३ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झालेल्या लेखनानुसार एल्फांचा गर्भकाळ एका वर्षाचा असून त्यांना अपत्ये थोडी होतात. कारण अपत्याच्या घडणीत मातापित्यांची शक्ती खर्ची पडते. फेआनोरला जन्म दिल्यावर त्याची माता मीरिएल इतकी क्षीण झाली, की तिने देहच ठेवला. ज्यांना वार्धक्याने मरण नाही, त्यांनाही जन्माचे मोल चुकत नाही. देहाची जात एक, भेद केवळ नियतीचा, हे मर्म जीवशास्त्राच्या काटेकोर प्रश्नातूनच हाती येते. तेव्हा असा तर्क वाङ्मयबाह्य कुतूहल न मानता समीक्षेचेच एक साधन मानणे उचित ठरेल.