दैवाचा बोल कीं कोरें कार्ड?

बाळंतपणांत कांहीं विपरीत घडलें कीं आमच्या खेड्यापाड्यांत एकच शब्द ऐकूं येतो. मूल निळें पडून जन्मलें, दैव. पोराचा हात जन्मापासून लुळा राहिला, दैव. बाई झटके येऊन गेली, तेंही दैव. आणि तेवढ्यानें भागलें नाहीं तर सून पांढऱ्या पायाची! पूर्वी हें दैव पंचांग काखेंत मारून दारीं येणारा सांगत असे व दक्षिणा घेऊन जात असे. आतां तेंच दैव पांढऱ्या डगल्यांतला सांगतो आणि बिल हातावर ठेवतो. शेतकरी व कारागीर बंधुभगिनींनो, दोन्ही वेळां पैसा आमचा आणि लेंकरूंही आमचेंच.

आम्ही विचारतों, हें दैव दंडाला पट्टा बांधून मोजतां येतें, मग तें मोजलें कां नाहीं? वीस आठवड्यांनंतर गरोदर बाईचा रक्तदाब १४०/९० किंवा त्यावर गेला आणि लघवींतून प्रथिन जाऊं लागलें, तर पुढें झटके येऊं शकतात, पोटांतल्या मुलाची वाढ खुंटते, वार वेळेआधीं सुटूं शकते. डोकें ठणकणें, डोळ्यांपुढें अंधारी येणें, बरगडीखालीं दुखणें, तोंड व हात सुजणें हीं त्याचीं लक्षणें. आमची बाई हीं लक्षणें सांगते तेव्हां उत्तर काय मिळतें? "पित्त झालें असेल, गोळी घे. सूज काय, सगळ्यांनाच येते." पट्टा भिंतीला लटकलेला आणि बाई पित्ताची गोळी पदरांत बांधून चार कोस परत! झटके थोपविणारें मॅग्नेशियम सल्फेट हें औषध जुनें आहे, स्वस्त आहे. २००२ सालीं प्रसिद्ध झालेल्या अनेक देशांतील मोठ्या चांचणींत त्यानें झटक्यांचा धोका निम्म्याहून अधिक कमी झाल्याचें दिसलें. पण निदानच पित्ताचें, तर औषध कपाटांतच राहणार. (आणि झटके आल्यावर "बाहेरची बाधा" म्हणून देवऋषीकडे धांवणारे आमचे शहाणेही कांहीं कमी नाहींत.)

दुसरा प्रकार कळा वाढविण्याच्या सुईचा. ऑक्सिटोसिन हें औषध द्यावयाचें तर सलाईनमधून थेंब मोजून, मुलाचे ठोके ऐकत द्यावयाचें. तें बाळंतपणाआधींच एका दमांत मांडींत टोंचून मोकळे होणारे महाभाग अजून आहेत. मूल आडवें आहे काय, वाट अरुंद आहे काय, हें न पाहतां सुई दिली तर पिशवी फाटते. मुलाचा श्वास कोंडून मेंदूस कायमची इजा होते. आणि मूल दिवसदिवस अडून राहिलें तर आईच्या लघवीच्या पिशवीस भोंक पडतें, अंगावरून पाणी ठिबकत राहतें. मग नवरा तिला माहेरीं सोडून येतो. सुई देणारा मात्र दुसऱ्या दिवशीं दुकान उघडून बसलेला असतो.

मोठ्या देशांतही हें घडतें, पण तेथें जाब विचारला जातो. स्कॉटलंडांतील लॅनार्कशायर येथें १९९९ सालीं मधुमेह असलेली ठेंगणी बाई बाळंत झाली. अशा आईचें मूल अंगानें मोठें असूं शकतें; खांदा अडकण्याची भीति शेंकडा नऊ-दहा होती, हें डॉक्टरीणबाईंस ठाऊक होतें. तरी तिला तें सांगितलें नाहीं. कां, तर सांगितलें असतें तर ती म्हणाली असती कीं पोट उघडून मूल काढा! खांदा अडकला, मूल बारा मिनिटें तसेंच राहिलें, मेंदूस इजा झाली. स्कॉटलंडच्या न्यायालयांनीं तिला रिकाम्या हातीं लावलें. २०१५ सालीं ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानें निकाल फिरविला आणि धोका सांगितलाच पाहिजे, ठरविणें आईचें काम, असें बजावलें.

"तें विलायतेंत," असें कोणी म्हणेल. तर हरियाणांतलें ऐका. सात मुलांच्या एका मजूर बाईनें सरकारी दवाखान्यांत कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया करून घेतली. पुढें पाळी चुकली म्हणून ती पुन्हां गेली. "तूं गरोदर नाहींस," असें सांगून तिला परत पाठविलें. दोन महिन्यांनीं पोटच दिसूं लागलें! दोन नळ्यांपैकीं एकच बांधली होती. गर्भ काढा म्हटलें तर आतां धोका आहे म्हणाले. ती दिवाणी न्यायालयांत गेली, आणि २००० सालीं सर्वोच्च न्यायालयानें सरकारलाच जबाबदार धरून ५४ हजार रुपयांची भरपाई कायम केली. ती विकत घेतलेली दया नव्हती, तिचा हक्क होता.

प्रत्येक अपघात डॉक्टरच्या माथीं मारावा असें आमचें म्हणणें नाहीं. सर्वोच्च न्यायालयानेंही २००५ सालीं सांगितलें आहे कीं निर्णयांतली साधी चूक म्हणजे हयगय नव्हे. पांच गांवें एकटीनें सांभाळणाऱ्या नर्सबाईवर राग काढण्यांत काय पुरुषार्थ? आणि दवाखान्याच्या कांचा फोडण्यांत तर शुद्ध मूर्खपणा: पुरावा राहतो त्यांच्याकडे आणि खटला लागतो आपल्यावर. पण न मोजतां मोजलें म्हणणें ही चूक नव्हे, लबाडी आहे. गरोदर बाईचें कार्ड उघडून पाहा. रक्तदाबाचे खाने कोरे, नाहीं तर दर खेपेस तोच १२०/८० उतरविलेला! नऊ महिने ऊन्हांत राबणाऱ्या बाईचा रक्तदाब दर वेळीं एका आंकड्यावर कसा उभा राहतो?

आतां कायद्याची गोम. १९९५ च्या निकालानें पैसे घेणारा दवाखाना ग्राहक कायद्याखालीं आला. परंतु जेथें सर्वांवरच फुकट उपचार होतात तो दवाखाना त्यांतून सुटला. म्हणजे पैसेवाल्याची बायको ग्राहक आणि मजुराची बायको कोणीच नाहीं! तिनें वकील धरून दिवाणी न्यायालयाचे उंबरे झिजवावे. ही फट सरकारनें बुजविली पाहिजे, आणि मतें मागावयास येणाऱ्यांस हें तोंडावर विचारलें पाहिजे.

तोंवर आपल्या हातीं आहे तें करावें. दर महिन्याच्या ९ तारखेस सरकारी दवाखान्यांत गरोदर बायांची फुकट तपासणी होते. २०१६ पासूनचा हा नेम आहे. सासूबाईंनीं त्या दिवशींची खुरपणी दुसऱ्याकडून करवावी, आणि बाईबरोबर गेलेल्यानें पट्ट्याचा आंकडा आपल्या डोळ्यांनीं पाहून कार्डावर लिहवून घ्यावा. इजा झालीच तर आधीं कागद मागावे. २००२ च्या नियमांप्रमाणें लेखी मागणी केल्यावर डॉक्टरनें ७२ तासांच्या आंत ते द्यावयाचे असतात. तीन वर्षेंच जपून ठेवण्याचें त्यांवर बंधन आहे. ग्राहक आयोगाकडे तक्रार दोन वर्षांच्या आंत जावी लागते. दवाखान्यास दिलेली रक्कम पांच लाखांपर्यंत असेल तर फी नाहीं, वकीलही लागत नाहीं. अर्जाची एक प्रत आपल्याजवळ ठेवावी आणि तीवर पोंच घेतल्याशिवाय दवाखान्याची पायरी उतरूं नये.