परवाना आहे, पण विचारलं कुणाला?

गिटारच्या मानेवरची पट्टी पुष्कळदा आपल्याकडच्या शिसवीची असते. परदेशात बेकायदा तोडलेलं लाकूड आणणं, विकणं अमेरिकेत २००८ पासून गुन्हा आहे. मादागास्करच्या आबनुसावरून 'गिब्सन' या गिटार कंपनीला २०१२ मध्ये ३ लाख डॉलर दंड भरावा लागला. योग्यच झालं. पण हा कायदा कागद तपासतो. त्या जंगलात सरपण, मोहफुलं वेचणाऱ्या बाईला कुणी विचारलं का, हे तपासत नाही.

आपल्या २००६ च्या वनहक्क कायद्याने जंगल राखायचा अधिकार ग्रामसभेला दिला. सभेला हजर असलेल्यांत किमान एकतृतीयांश बायका हव्यात, असा नियम आहे. तो आपण गावोगाव पाळायला लावू या. बायांना न विचारता झालेली तोड, परवाना असला तरी, मला न्याय्य वाटत नाही.